आधी रोध, मग व्होल्ट

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक उदाहरण हमखास असते. एका तारेच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट विभवांतर आहे आणि तिच्यातून २ अँपिअर विद्युतधारा वाहते आहे; तर तारेचा रोध किती, आणि ती किती शक्ती खर्च करते? बाराला दोनाने भागले की रोध ६ ओहम. बाराला दोनाने गुणले की शक्ती २४ वॅट. अर्ध्या मिनिटाचे काम, आणि परीक्षेत हक्काचे गुण.

गणिताबद्दल तक्रार नाही. पण उदाहरणाच्या मांडणीमुळे मनात एक समज नकळत घर करतो: व्होल्ट आणि अँपिअर या आधीपासून हाताशी असलेल्या, मोजून झालेल्या गोष्टी, रोध मात्र त्यांच्यावरून काढायचा. प्रत्यक्षात हे घडले ते नेमके उलट क्रमाने. माणसाने आधी मोजला तो रोध. त्याचे प्रमाण ठरले, त्याच्या पेट्या विकायला निघाल्या, त्याच्यावर पैशांचे करार झाले. व्होल्ट आणि अँपिअर यांना सर्वमान्य व्याख्या मिळाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. हा उलटा क्रम का पडला, याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा हिंदुस्थानच्या वाटेवर समुद्राच्या तळाशी पडलेला आहे.

सुरुवात अर्थात गेऑर्ग सिमॉन ओहमपासून. बव्हेरियातल्या एर्लांगेन गावच्या एका कुलूपकाराचा हा मुलगा. वडील स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले आणि तेच त्यांनी मुलांना शिकवले. विद्यापीठात गेल्यावर चिरंजीव नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या घसरगाडीत रमले, तेव्हा वडिलांनी त्यांना शिक्षण सोडायला लावून स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करायला धाडले. डॉक्टरेट पुढे मिळाली, पण विद्यापीठातली खुर्ची मिळाली नाही. १८१७ पासून ओहम कोलोनच्या एका जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत होता. शाळेची प्रयोगशाळा बरी होती, आणि हाताला वडिलांच्या धंद्याची सवय होती.

त्याच्याजवळ काय नव्हते हे आधी पाहिले पाहिजे. व्होल्टमीटर नव्हता, अँपिअरमीटर नव्हता, व्होल्ट आणि अँपिअर हे शब्दही नव्हते. विद्युतधारेने होकायंत्राची सुई वळते हे अर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले होते, एवढेच हाताशी होते. ओहमने चुंबकसूची एका बारीक पट्टीला टांगली. धारा सुरू झाली की सुई वळे. मग वरची मूठ पिळून ती पुन्हा जागेवर आणायची. किती पीळ द्यावा लागला, तो आकडा म्हणजे धारेचे माप. कशाचा आकडा? कशाचाच नाही. त्या एका उपकरणापुरता, त्या एका खोलीपुरता.

१८२५ सालच्या पहिल्या प्रयोगांत त्याने साधी रासायनिक बॅटरी वापरली. प्रयोग चालू असतानाच बॅटरी मंदावत जाई, आकडे घसरत, आणि त्यांतून निघालेले सूत्र लॉगॅरिथमचे, चुकीचे आले. ज्या नियतकालिकात ते छापले त्याचा संपादक पोगेनडॉर्फ याने सुचवले, की बॅटरी सोडून द्या आणि झेबेकने नुकताच शोधलेला उष्णतेचा विद्युत्स्रोत घ्या. बिस्मथ आणि तांबे जोडायचे. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोवर पाणी उकळते आहे आणि बर्फ शिल्लक आहे, तोवर जोर तोच राहतो. संपादकांच्या सूचनांविषयी लेखकांचे मत सहसा चांगले नसते. म्हणून ही नोंद मुद्दाम केली.

१८२६ च्या जानेवारीत ओहमने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार मंडलात घालायची, सुई सरळ करायची, पीळ टिपून ठेवायचा. आखूड तारेला आकडा ३२७ च्या जवळ येई, सर्वांत लांब तारेला ४८ च्या जरासा वर. मग त्याला दिसले, की २० पूर्णांक १/४ मध्ये तारेची लांबी मिळवा आणि त्या बेरजेने ७२८५ ला भागा. सुईने दाखवलेला आकडा जवळपास जसाच्या तसा मिळतो. १३० इंचांच्या तारेसाठी करून पाहा. १५०.२५ ने भागले की ४८.५ येतात.

या दोन आकड्यांत सगळे आहे. २० पूर्णांक १/४ म्हणजे तार सोडून बाकीच्या मंडलाचा अडथळा, तोही इंचांत मांडलेला: जणू यंत्राच्या आत त्याच जातीची सव्वावीस इंच तार लपलेली आहे. आणि ७२८५ म्हणजे ढकलणारा जोर. हे दोन खरोखर वेगळे आहेत का, याचीही परीक्षा त्याने घेतली. उकळते पाणी काढून तो सांधा खोलीच्या थंड हवेच्या तापमानावर ठेवला. वरचा आकडा सुमारे दहापटीने घसरला. खालचे २० पूर्णांक १/४ जागचे हलले नाहीत. जोर बदलला तरी अडथळा तोच राहतो. ओहमचा नियम म्हणून आपण जे शिकतो त्याचा गाभा हाच आहे, भागाकार नव्हे. भागाकार तर कोणत्याही दोन आकड्यांचा करता येतो.

पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यात रोधाला तो ‘संक्षिप्त लांबी’ म्हणतो. वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या धातूंच्या तारा एकाच प्रमाण तारेच्या लांबीत मांडायच्या, ही कल्पना. पुस्तकाचे स्वागत थंड झाले. निसर्गाचे सत्य तत्त्वचिंतनातून उमगते असे मानणाऱ्यांचा तेव्हा बर्लिनमध्ये जोर होता, आणि हेगेलच्या प्रभावातल्या पोल नावाच्या अभ्यासकाने पुस्तकाची कठोर संभावना केली. बढतीची आशा फोल ठरताच ओहमने कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्युरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळेपर्यंतची वर्षे ओढाताणीची गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक दिले ते १८४१ मध्ये. म्युनिक विद्यापीठात भौतिकीचे अध्यासन मिळाले ते १८५२ मध्ये, आणि १८५४ च्या जुलैमध्ये तो वारला. दुर्लक्षित प्रतिभावंताची गोष्ट म्हणून हे सांगण्याची पद्धत आहे, आणि ती खोटीही नाही. पण मला वाटते, नुसत्या दुष्टाव्याने एवढी वर्षे जात नाहीत. त्या काळी ओहमच्या नियमाची गरज फार थोड्यांना होती. रोध किती हे विचारणारे गिऱ्हाईकच नव्हते.

गिऱ्हाईक आले ते तारायंत्राबरोबर. शंभर मैल तार ओढली की बॅटरीचा किती जोर पलीकडे पोहोचेल, हा प्रश्न आता पैशांचा झाला. १८४३ मध्ये व्हीटस्टनने लंडनमध्ये व्याख्यान देऊन ओहमची रीत इंग्रजांपुढे मांडली आणि दोन रोधांची तुलना करणारी जुळणीही दाखवली. ती मूळची क्रिस्टी याची. नाव मात्र व्हीटस्टनचे चिकटले. या जुळणीची खुबी अशी, की धारा किती आहे हे मोजावेच लागत नाही. सुई शून्यावर आली की झाले, दोन्ही पारडी समान. म्हणजे धारेला आणि दाबाला अजून मापच नसताना रोध मात्र तराजूत घालून तोलता येऊ लागला.

पण तराजू आहे आणि वजने नाहीत, अशी स्थिती. व्हीटस्टनचे माप होते १०० ग्रेन वजनाची एक फूट तांब्याची तार. याकोबीने आपल्या तांब्याच्या तारेचे नमुने युरोपभर पाठवले. फ्रेंच तारखात्यात किलोमीटरभर लोखंडी तार हेच माप. वेर्नर सीमेन्सने १८६० मध्ये एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ सुचवला. गावागणिक बदलणारा शेर आणि मण आपल्या लोकांनी पाहिलेला होता, हे तसेच.

त्यात तांब्यावरही भरवसा नव्हता. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, अटलांटिक केबलसाठी आलेल्या तांब्याचे नमुने १८५७ च्या सुमारास तपासले, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या तारांच्या वाहकतेत मोठी तफावत निघाली. केबल कंपनीचा विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. त्याला ही मोजमापे फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. १८५८ च्या ऑगस्टमध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले. केबल मंद आहे म्हणून व्हाइटहाउसने तिला हजारो व्होल्टचे धक्के दिले. आधीच कच्चे असलेले रबरासारखे वेष्टन फुटले आणि काही आठवड्यांत केबल मेली.

आता हिंदुस्थान. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचायला कित्येक आठवडे लागले, आणि तारेची निकड ब्रिटिश सरकारला तेव्हा जाणवली. तांबड्या समुद्रातून सुएझ, एडन आणि तिथून कराची अशी केबल टाकायला एक कंपनी उभी राहिली. सरकारने आठ लाख पौंडांच्या भांडवलावर पन्नास वर्षे साडेचार टक्के व्याजाची हमी दिली. केबल चालो वा न चालो. केबल १८५९ आणि १८६० मध्ये टाकली गेली. उथळ, उष्ण पाणी, तळाशी पोवळ्यांचे खडक, त्यावर ताणून टाकलेली हलकी केबल. एकेक तुकडा बंद पडत गेला आणि पूर्ण मार्ग नीट चाललाच नाही. व्याज मात्र सुरू राहिले.

अटलांटिकमध्ये बुडाले ते भागधारकांचे पैसे. इथे बुडाले ते सरकारचे. म्हणून चौकशी बसली. ब्रिटिश सरकारचे बोर्ड ऑफ ट्रेड आणि अटलांटिक कंपनी यांची संयुक्त समिती १८५९ मध्ये नेमली गेली आणि १८६१ मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला. दोष समुद्राचा नाही, असा त्याचा रोख होता. बनवताना, साठवताना आणि टाकताना केबल नीट तपासली गेली नव्हती. तपासायची तर माप हवे, आणि तपासणीचा आकडा करारात लिहायचा तर ते माप दोन्ही पक्षांना मान्य हवे. त्याच वर्षी मँचेस्टरला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन केबल अभियंत्यांनी विद्युत मापांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असे सुचवले, आणि थॉमसनच्या आग्रहाने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली गेली.

पुढच्या वर्षी समितीत जेम्स क्लार्क मॅक्सवेल आला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याने, बाल्फर स्टुअर्टने आणि फ्लीमिंग जेंकिनने तारेचे एक मोठे वेटोळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात गरागरा फिरवले आणि मध्ये टांगलेली सुई किती ढळते हे टिपले. वेटोळ्याचे आकारमान, फिरण्याचा वेग आणि सुईचा कोन एवढ्यावरून त्याचा रोध निघतो. कोणाच्या तांब्याची, कोणाच्या पाऱ्याची गरज नाही. १८६५ मध्ये समितीने प्लॅटिनम आणि चांदीच्या मिश्रधातूची प्रमाण वेटोळी बाहेर काढली. पुढे लॉर्ड रॅलीने पुन्हा मोजले, तेव्हा हे माप एक टक्क्याहून थोडे अधिक कमी भरले. गणनेतल्या चुका कुठल्या यावर त्यानंतर बराच खल झाला. पण चुकीचे असले तरी ते सर्वांकडे सारखेच चुकीचे होते, आणि केबलवाल्यांना तेवढे पुरेसे होते.

त्यांना हे माप कशासाठी हवे होते? समजा केबलच्या तांब्याचा रोध मैलाला ६ ओहम आहे. किनाऱ्यावरून मोजला तर २४० भरतो आणि पुढे तार समुद्राच्या पाण्याला टेकलेली आहे. म्हणजे बिघाड ४० मैलांवर. जहाज तिथे न्यायचे, केबल उचलायची, तोडून जोडायची. प्रत्यक्षात तुटल्या जागेचा स्वतःचा रोध हिशेबात गोंधळ घालतो आणि त्याच्या निरसनाच्या रीती आहेत. पण मूळ कल्पना हीच. कोलोनच्या मास्तराने रोध लांबीत मोजला होता. केबलवाल्यांनी रोधावरून लांबी काढली.

हिंदुस्थानसाठी दुसरा प्रयत्न झाला तो पर्शियाच्या आखातातून. १८६४ च्या या केबलचे अभियंते तेच, ब्राइट आणि क्लार्क. कारखान्यातच तांबे पारखले गेले, वेष्टनाचा रोध पाण्यात बुडवून मोजला गेला, आकडे नोंदवले गेले. केबल शिडाच्या जहाजांनी मुंबईला आली आणि ग्वादरपासून फाओपर्यंत टाकली गेली. ती चालली. १८६५ मध्ये युरोपची तार तुर्की मुलखातून हिंदुस्थानात येऊ लागली. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न हे अगडबंब जहाज मुंबईत आले आणि मुंबई ते एडन केबल त्याने टाकली. मधल्या काळात जमिनीवरच्या तारांचा प्रश्नही तसाच होता. विल्यम एअर्टन हा थॉमसनचा तरुण शिष्य १८६८ मध्ये इथल्या तारखात्यात दाखल झाला आणि श्वेंडलर या जर्मन अधिकाऱ्याबरोबर त्याने रोध मोजून बिघाडाची जागा हुडकण्याची पद्धत बसवली. श्वेंडलरचे नाव आज कोणाला आठवत असेल तर ते कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयामुळे. त्याच्या स्थापनेत त्याचा हात होता. एअर्टन परत गेला आणि पेरीबरोबर त्याने व्होल्ट आणि अँपिअर थेट वाचता येतील अशी उपकरणे बनवली. शाळेतल्या उदाहरणाचे दोन आकडे देणारी यंत्रे ही अशी शेवटी आली, आणि त्यांच्या कर्त्याचे हात हिंदुस्थानच्या तारांवर तयार झालेले होते.

१८८१ मध्ये पॅरिसला विद्युततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे जगाने स्वीकारली. अँपिअरची व्याख्या काय केली? एक ओहम रोधातून एक व्होल्टमुळे वाहणारी धारा. म्हणजे ज्या नियमाची एकेकाळी टर उडवली गेली, तो आता मापांच्या घडणीतच बसवला गेला.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट उघड झाली होती. हेन्री कॅव्हेंडिशची अप्रकाशित विद्युत टिपणे मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापली. धारा ढकलणाऱ्या जोराच्या प्रमाणात असते, हे कॅव्हेंडिशने १७८१ च्या सुमारास, ओहमच्या जन्माआधीच ताडलेले निघाले. त्याचे उपकरण म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर: दोन मार्गांनी धक्का घ्यायचा आणि कोणता तीव्र ते ठरवायचे. विश्वास बसेना म्हणून मॅक्सवेलने केंब्रिजच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिले, पाहुण्यांनाही धक्के दिले. रीत खरी होती. पण कॅव्हेंडिशने कोणाला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी एका माणसाच्या मनगटातली कळ दुसऱ्याला मोजून देता येत नाही.

राहिला गुणाकार, म्हणजे शक्ती. सॅलफर्डच्या एका दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास पाण्याच्या भांड्यात तारेचे वेटोळे बुडवून, तापमापीने मोजून दाखवले, की उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात निघते. ओहमचा नियम त्याला जोडला की तेच व्होल्ट गुणिले अँपिअर होते. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने, वेर्नरच्या धाकट्या भावाने, या गुणाकाराला वॅट हे नाव सुचवले.

या नावाची गरज कोणाला होती ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर दिसले. एडिसनचा दिवा सर्वांना माहीत आहे. त्यामागचा हिशेब कमी जणांना. १०० वॅट द्यायचे आहेत. दिव्याचा रोध १ ओहम ठेवला तर १० अँपिअर धारा लागते. १०० ओहम ठेवला तर १ अँपिअर पुरते. धारा दहापट कमी म्हणजे रस्त्याखालच्या तांब्यात वाया जाणारी उष्णता शंभरपट कमी. किंवा तेवढाच तोटा सोसायचा तर तांबे शंभर हिश्शांनी कमी लागेल. म्हणून एडिसनने अधिक रोधाची बारीक कार्बनची तार शोधली. जाणकार उलटे सांगत होते. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोचवली तीही याच हिशेबाने: तारेवर सुमारे एक लाख व्होल्ट, जेणेकरून घाट उतरून येणारी धारा कमी राहावी.

एक भाषिक योगायोग मला आवडतो. मराठीत आणि बंगालीत ‘रोध’, हिंदीत ‘प्रतिरोध’, गुजरातीत ‘अवरोध’, तमिळमध्ये ‘मिन्तडै’. अडवण्याची कल्पना सगळ्यांनी आपापल्या शब्दांत आणली. शक्तीच्या बाबतीत मात्र घराघरांत टिकला तो इंग्रजी शब्द. विजेच्या बिलावर ‘युनिट’ असते. कसले युनिट, असे कोणी विचारत नाही. एक हजार वॅट तासभर, एवढ्या विजेला इंग्लंडात ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. तांबड्या समुद्रातल्या मेलेल्या केबलची चौकशी ज्याने केली तेच हे बोर्ड ऑफ ट्रेड. बोर्डाचे नाव गळून पडले. मीटर वाचायला येणारा माणूस आजही नुसते ‘युनिट’ लिहून नेतो.